नवी कार्यालयीन प्रणाली सर्व शाखांत एकाच दिवशी सुरू करावी का?

बेलापूर_आस्थापना यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका सार्वजनिक संस्थेच्या आस्थापना शाखेत काम करतो. आमचे मुख्य कार्यालय सी.बी.डी. बेलापूर येथे असून ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर आणि मुरबाड येथे उपकार्यालये आहेत. टपाल, नस्त्या (प्रकरणांच्या फायली), देयके आणि वेतन ही चारही कामे एकाच नव्या संगणक प्रणालीवर आणण्याचा निर्णय झाला असून समन्वय अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली आहे.

आर्थिक वर्षाचा आरंभ म्हणून 1 एप्रिल रोजी सर्व कार्यालये एकदमच नव्या प्रणालीवर जावीत, अशी वरिष्ठांची इच्छा आहे. कंत्राटदार कंपनीलाही तेच सोयीचे आहे, कारण तिची माणसे ठरावीक मुदतीपुरतीच आमच्याकडे असणार आहेत. शिवाय, काही बिघडल्यास हाताशी असाव्यात म्हणून पुढचे सहा महिने कागदी नस्त्याही सोबत चालू ठेवाव्यात, अशी सूचना बैठकीत आली आणि ती जवळपास सर्वांना पटली. मला या दोन्ही गोष्टींबद्दल शंका वाटते आणि ती वरिष्ठांपुढे कारणांसह लेखी मांडायची आहे.

हे काम नीट व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. आज मुरबाडचा एखादा निवृत्त कर्मचारी एसटीने कल्याणला, तेथून लोकलने ठाण्याला आणि पुढे ट्रान्स हार्बर मार्गाने बेलापूरला येतो, आणि "आपले प्रकरण साहेबांकडे आहे" एवढेच ऐकून परत जातो. ते प्रकरण कोणाकडे आणि किती दिवसांपासून आहे, हे त्याला मुरबाडच्या खिडकीवर कळू शकले, तर तेवढ्यासाठीसुद्धा ही प्रणाली आणण्यासारखी आहे.

सुरुवात कोठून करावी, कागद किती काळ चालू ठेवावा आणि अभिलेख कक्षातील जुन्या नस्त्यांपैकी काय काय स्कॅन करावे, याबद्दल प्रत्यक्ष काम केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त_अधीक्षक_ठाणे यांचे उत्तर

आपली शंका रास्त आहे. आधी तारखेबद्दल लिहितो. मार्च महिन्यात प्रत्येक कार्यालय देयकांच्या घाईत असते. मंजूर अनुदान 31 मार्चपर्यंत खर्ची पडले नाही तर ते व्यपगत होते, म्हणजे हातचे जाते, म्हणून लेखा शाखेला त्या महिन्यात मान वर करायला फुरसत नसते. अशा वेळी प्रशिक्षणासाठी माणूस मागितला, तर शाखाप्रमुख ज्याला सोडणे शक्य आहे त्याला पाठवतो. ज्याला ते काम उद्या करायचे आहे त्याला नव्हे. एप्रिल लागला की बदल्यांचे वेध लागतात. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणाऱ्या 2005 च्या अधिनियमानुसार सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात होतात, आणि ज्यांना तो अधिनियम थेट लागू नाही अशा अनेक संस्थाही तेच वेळापत्रक पाळतात. परिणाम असा होतो की फेब्रुवारीत ज्याला शिकवले तो लिपिक जूनमध्ये दुसऱ्याच टेबलावर बसलेला असतो आणि त्याच्या जागी आलेल्या माणसाने ती प्रणाली पाहिलेलीही नसते. बदल्या आटोपल्यावर, पावसाळी अधिवेशनाची माहिती पाठवण्याची धांदल संपल्यावर, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास, मुख्य कार्यालय आणि एखादे उपकार्यालय यांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

आता सहा महिने दोन्ही पद्धती चालू ठेवण्याबद्दल. नस्त्यांच्या बाबतीत या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. असे ठरले की प्रत्यक्षात काय होते, ते मी एकाहून अधिक कार्यालयांत पाहिले आहे. लिपिक टिपणी कागदावर लिहितो, कारण साहेबांना कागद वाचायची सवय असते. साहेब कागदावरच सही करतात. आणि मग आठवड्याच्या अखेरीस कोणीतरी ती सर्व प्रकरणे संगणकात भरून टाकतो. पडद्यावर नस्ती शुक्रवारी एका तासात चार टेबलांवरून फिरून आलेली दिसते आणि खऱ्या कागदाचा मुक्काम कोठे किती दिवस होता, हे कोणालाच सांगता येत नाही. त्याच 2005 च्या अधिनियमाच्या कलम 10 मध्ये, सर्वसाधारणपणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे म्हटले आहे. प्रणालीचा सर्वांत मोठा उपयोग हे सात दिवस मोजण्याचा आहे आणि दुहेरी कामात नेमका तोच उपयोग नाहीसा होतो. शिवाय एका प्रकरणाच्या दोन टिपण्या तयार होतात. उद्या माहितीच्या अधिकारात कोणी टिपणीची प्रत मागितली आणि दोन्हींतील मजकुरात फरक निघाला, तर अधिकृत कोणती, याचे उत्तर कार्यालयाकडे नसते.

म्हणून सुरुवात बारनिशीपासून, म्हणजे टपाल स्वीकारून नोंदवणाऱ्या शाखेपासून, करावी. ठरलेल्या दिवसापासून आलेले प्रत्येक टपाल तेथेच नोंदवून, तेथेच स्कॅन करून, पडद्यावरच शाखेकडे जावे. कागद शाखेकडे जाऊच नये. मूळ कागद विषयवार लावत बसू नये, आवक क्रमांकाच्या ओळीने दिवसवार गठ्ठ्यात ठेवावेत, म्हणजे हवा तो कागद लगेच सापडतो. येथे एक बारीक गोष्ट सांगतो. आवक शिक्का आधी मारावा, त्यावर क्रमांक व दिनांक लिहावा आणि मगच पत्र स्कॅनरमध्ये घालावे. घाईत हे उलटे होते, आणि मग प्रणालीतील प्रतिमेवर ना क्रमांक असतो ना दिनांक. पत्र मुदतीत आले की नाही, असा वाद उद्भवल्यावर ती प्रतिमा निरुपयोगी ठरते. टाचण्या काढायला, चुरगळलेले कोपरे सरळ करायला आणि सोबतचे मोठे नकाशे बाजूला काढायला बारनिशीत एक जादा माणूस लागतो. तो आराखड्यात आत्ताच मागून घ्या.

चालू नस्त्यांपैकी जी पुढच्या निर्णयासाठी हलेल तीच त्या वेळी स्कॅन करावी आणि कागदी नस्तीच्या शेवटच्या टिपणीखाली "यापुढील कार्यवाही संगणकीय नस्ती क्रमांक अमुकवर" असा शेरा सही-दिनांकासह मारून ती बंद करावी. अभिलेख कक्षाला सरसकट हात लावू नका. अ, ब, क, क-1 आणि ड ही वर्गवारी आधी पूर्ण करा. 'अ' वर्ग कायम जतन करायचा असतो, 'ब' 30 वर्षे, 'क' 10 वर्षे, 'क-1' 5 वर्षे आणि 'ड' 1 वर्ष. सहा गठ्ठा पद्धत (कागद सहा प्रकारच्या गठ्ठ्यांत लावणे) नीट लावल्याशिवाय स्कॅनिंगचे कंत्राट दिले, तर नष्ट करायच्या कागदांचेही प्रतिपान पैसे मोजावे लागतात. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ कागद फेकून देता येत नाहीत. विहित पद्धत सोडून अभिलेख नष्ट करणे हा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 नुसार गुन्हा आहे. 'अ' वर्गातील नस्त्या मात्र स्कॅन झाल्याच पाहिजेत आणि त्यांची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत असली पाहिजे. मंत्रालयाला 21 जून 2012 रोजी लागलेल्या आगीत काय काय गेले, हे ज्यांनी त्यानंतर नस्त्यांची पुनर्बांधणी केली त्यांना विचारावे.

लेखा_कोपरी यांचे उत्तर

नस्त्यांबद्दल वर जे लिहिले आहे ते मला पूर्ण मान्य आहे. वेतनाबद्दल मात्र मी नेमके उलट सांगेन: तेथे जुनी आणि नवी पद्धत काही महिने एकत्र चालवल्याशिवाय जुनी बंद करू नये. नस्ती चार दिवस अडली तर कार्यालयाचा खोळंबा होतो. वेतन अडले तर कोणाच्या तरी घराचा हप्ता चुकतो.

कॅनडाच्या केंद्र सरकारने 2016 मध्ये 'फिनिक्स' नावाची वेतन प्रणाली सुमारे 2,90,000 कर्मचाऱ्यांसाठी सुरू केली. एका विभागात आधी करून पाहायचा प्रयोग रद्द करण्यात आला, पूर्वलक्षी थकबाकी काढण्यासारखी महत्त्वाची कामे प्रणालीतून वगळण्यात आली आणि जुने जाणकार वेतन लिपिक आधीच कमी करण्यात आले. त्यानंतर कोणाला कमी वेतन मिळाले, कोणाला जास्त, कोणाला मिळालेच नाही, आणि ते निस्तरायला वर्षे लागली. तेथील महालेखापरीक्षकांनी 2018 च्या अहवालात हे सर्व आकलनापलीकडचे अपयश असल्याचे म्हटले. वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी जे जे गाळले, तेच अंगाशी आले. आपल्या बैठकीत हे उदाहरण अवश्य मांडावे.

समांतर चाचणी कोणत्या महिन्यांत घ्यायची, हेही महत्त्वाचे आहे. शांत महिना निवडला तर सर्व आकडे जुळतात आणि काहीच कळत नाही. चाचणीत 1 जुलैची वेतनवाढ आली पाहिजे, महागाई भत्त्याची थकबाकी आली पाहिजे, एखादी विनावेतन रजा, महिन्याच्या मध्यावर झालेली बदली आणि एक सेवानिवृत्ती आली पाहिजे. बेलापूरहून मुरबाडला बदली झालेल्या माणसाचा घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार बदलतो. हा बदल प्रणाली त्या तारखेपासून दिवसांच्या हिशेबाने करते की पुढच्या महिन्यापासून, हे कागदावर कोणीच सांगू शकत नाही, ते करूनच पाहावे लागते. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी आणि त्या तारखेपासून पुढे नियुक्त झालेल्यांच्या निवृत्तिवेतन योजना निराळ्या, म्हणून कपातीही वेगळ्या असतात, तेही तपासावे.

आणि ताळा एकूण रकमेचा घेऊ नये. एकाला पाचशे कमी आणि दुसऱ्याला पाचशे जास्त गेले तर बेरीज जुळलेलीच दिसते. प्रत्येक कर्मचाऱ्याची प्रत्येक बाब जुन्या देयकाशी ताडून, फरक असेल तर त्याचे कारण लिहून, त्यावर तपासणाऱ्याची सही घ्यावी.

युनिकोड_वाशी यांचे उत्तर

जुनी माहिती नव्या प्रणालीत कशी नेणार, याबद्दल अद्याप कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडील जुनी मराठी पत्रे आणि कर्मचाऱ्यांच्या याद्या श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे. त्या फाइलींत मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. इंग्रजी अक्षरचिन्हांचे संकेतांक साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. नव्या प्रणालीत तो फॉन्ट नसतो, त्यामुळे तोच मजकूर निरर्थक चिन्हांची ओळ होऊन बसतो.

रूपांतर करून देणारी साधने आहेत, पण त्यांचे काम डोळे झाकून स्वीकारू नये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण संकेतपद्धतीत, ती व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या उलट आहे: जुन्या फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये अर्धा र आधी येतो. म्हणून 'शिर्के' हे आडनाव चाचणीला उत्तम आहे, कारण त्यात दोन्ही आहेत. त्याबरोबर 'गोऱ्हे' घ्यावे. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन निरनिराळ्या संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. 'ॲड.' मधील 'ॲ'चेही तसेच आहे. प्रणालीने मजकूर साठवताना आणि शोधताना ही रूपे एकच मानली पाहिजेत, अशी अट चाचणीच्या निकषांत घालावी. आपली माणसे वर्षानुवर्षे मराठीत काम करतात आणि त्यांना नाव सापडत नाही म्हणून शेवटी इंग्रजीत नोंदी करायची वेळ येते, याचे मला फार वाईट वाटते. हे टाळणे पूर्णपणे शक्य आहे.

रूपांतरित माहिती खरी आहे की नाही, हे शेवटी ज्याची ती आहे त्यालाच विचारावे लागते. सातबाराच्या संगणकीकरणात हस्तलिखित आणि संगणकीय नोंदींत तफावती आढळल्या, तेव्हा गावोगाव चावडी वाचन घेऊन खातेदारांसमोर नोंदी वाचण्यात आल्या आणि दुरुस्त्या करण्यात आल्या; डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला तो त्यानंतर. आपल्याकडे प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या सेवापुस्तकातील नोंदींची नव्या प्रणालीतून काढलेली छापील प्रत देऊन, वाचून, दुरुस्त करून, सही घ्यावी.

बेलापूर_आस्थापना

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नस्त्यांसाठी एकच मार्ग आणि वेतनासाठी समांतर चाचणी, हा भेद आमच्या बैठकीत कोणीच केला नव्हता. दोन गोष्टी अजून विचारतो. शहापूर आणि मुरबाडला जोडणी वारंवार जाते; तेथे कागदाची सोय पूर्ण काढून कसे चालेल? आणि प्रत्येक अधिकाऱ्याला डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (संगणकाला जोडून सही करण्याचे छोटे उपकरण) द्यायचे आहे, त्याबाबत काय काळजी घ्यावी?

शहापूर_कनिष्ठ_सहायक यांचे उत्तर

मी शहापूर तालुक्यातील एका कार्यालयात काम करते, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर एक-दोन संगणक चालतात, पण जोडणी येईलच असे नाही. अशा दिवसासाठी वेगळी, आधीच छापील क्रमांक टाकलेली नोंदवही ठेवावी, तिच्या क्रमांकांपुढे ठरावीक अक्षर असावे आणि जोडणी आली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या नोंदी प्रणालीत चढवाव्यात. जोडणी बंद असल्याचे कोणी जाहीर करायचे आणि कोणत्या वेळेपासून, हे लिहून ठरवलेले असले पाहिजे. नाही तर थोडे हळू चालले तरी नोंदवही बाहेर निघते आणि पुन्हा जुनेच सुरू होते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या तर बरेचसे दिवस वाचतात. समोर आलेल्या माणसाला मात्र पोच त्याच क्षणी मिळाली पाहिजे, मग वीज असो वा नसो.

प्रशिक्षणाबद्दल कळकळीने सांगते. आम्हाला जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून मोठ्या सभागृहात पडद्यावर दाखवले जाते. आम्ही मागच्या रांगेत बसतो, बटणे दिसत नाहीत, आणि परतीच्या कसारा लोकलची वेळ झाली की उठतो. खरे शिकणे आपल्या टेबलावर, आपल्याच टपालावर, शेजारी कोणीतरी बसलेले असताना होते. कंपनीची माणसे पहिला पंधरवडा उपकार्यालयांत बसवावीत आणि शक्य असल्यास आधी शिकलेल्या दुसऱ्या उपकार्यालयातील आमच्याच संवर्गाचा माणूस पाठवावा. तो आमच्या भाषेत सांगतो आणि त्याला विचारायला संकोच वाटत नाही.

नोंदी करायला कंत्राटी ऑपरेटर ठेवणार असाल तर विचार करा. ते आले की आम्ही लिपिक कागद त्यांच्याकडे सरकवतो आणि प्रणालीला कधीच हात लावत नाही. कंत्राट संपले की सर्वच थांबते. त्यांनी जुन्या नोंदी भराव्यात, रोजच्या टपालाला हात लावू नये.

लेखा_कोपरी यांचे उत्तर

टोकनबद्दल. अधिकाऱ्याचे टोकन ऑपरेटरच्या खणात आणि पिन टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर, हे दृश्य अनेक कार्यालयांत दिसते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 42 नुसार आपल्या स्वाक्षरीची खाजगी कळ (टोकनमधील गुप्त संकेत) स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी घेणे हे त्या धारकाचे कर्तव्य आहे. त्या टोकनाने काढलेल्या देयकावर उद्या आक्षेप आला, तर "मी केले नाही" हे सिद्ध करणे अधिकाऱ्याला फार जड जाते. म्हणून कामाच्या घाईत अडचण होणार नाही अशी व्यवस्था आधी करावी: रजेच्या काळात दुसऱ्या अधिकाऱ्याला अधिकार देण्याची सोय प्रणालीत असावी आणि तिचा आदेश आस्थापनेने त्याच दिवशी काढावा. पिन दुसऱ्याच्या हाती जाते ती बहुतेक वेळा ही सोय नसल्यामुळे.

याच संदर्भात ब्रिटनच्या टपाल खात्याचे प्रकरण लक्षात ठेवावे. तेथे 1999 पासून 'होरायझन' ही लेखा प्रणाली बसवण्यात आली. प्रणालीतील दोषांमुळे हिशेबात तूट दिसत होती, पण चूक पोस्ट चालवणाऱ्यांचीच, असे धरून 900 हून अधिक जणांना दोषी ठरवण्यात आले. पुढे 2024 मध्ये कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. पडद्यावरचा आकडा आणि कर्मचाऱ्याचे म्हणणे यांत फरक आला, तर तक्रार क्रमांकासह नोंदवली जावी, तिचे उत्तर लेखी मिळावे आणि तोपर्यंत वसुली किंवा कारवाई होऊ नये, असा आदेश पहिल्या दिवसाआधीच निघाला पाहिजे. कंपनीच्या माणसाने मागच्या बाजूने कोणतीही नोंद बदलली, तरी तिचा माग प्रणालीत राहिला पाहिजे आणि तो आपल्या कार्यालयाला पाहता आला पाहिजे.

बेलापूर_आस्थापना

सर्व मुद्दे टिपणीत घेत आहे. ऑगस्टपासून मुख्य कार्यालय आणि शहापूर येथे टपाल व नस्त्या, त्यानंतर एकेक उपकार्यालय, आणि वेतन जुलैच्या देयकापासून समांतर, असा प्रस्ताव मांडतो. ठाणे हे जवळचे म्हणून सोयीचे होते, पण जेथे सर्वांत जास्त अडचणी आहेत तेथे आधी करून पाहिलेले बरे. एकच विचारायचे राहिले: एखादे उपकार्यालय तयार नसेल तर तेथील आरंभ पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाकडे असावा?

निवृत्त_अधीक्षक_ठाणे यांचे उत्तर

त्या उपकार्यालयाच्या प्रमुखाकडे. जोडणी, स्कॅनर, टोकन, प्रशिक्षित माणसे आणि तपासलेली माहिती या पाचही गोष्टी हाताशी असल्याचे प्रमाणपत्र त्याने स्वतःच्या सहीने द्यावे, आणि ते आल्याशिवाय तेथे प्रणाली सुरू होणार नाही, असे मूळ आदेशातच लिहावे. प्रमाणपत्र नाकारले तर कारण लेखी द्यावे आणि आपण ते त्याच आठवड्यात वरिष्ठांपुढे ठेवावे. कंपनीचा त्या टप्प्याचा हप्ताही याच प्रमाणपत्राला जोडून घ्या. करारावर सही होण्यापूर्वी हे कलम घालणे सोपे असते, नंतर फार अवघड जाते.